चण्याच्या डाळीचे वडे

भाच्याच्या लग्नानंतर गेल्या फेब्रुवारीत आम्ही सगळे पहिल्यांदाच एकत्र भंडारा जिल्ह्यातल्या माझ्या आजोळी गेलो होतो. मामीने नव्या सुनेसाठी पहाटेपासून स्वयंपाक मांडला होता, आणि दुपारी पंगत बसली तेव्हा ताटात भाताशेजारी गरम वडे आले, वरून तांबूस, कडेला थोडे कुरकुरीत, आतून भरडलेल्या डाळीचे कण दाताखाली लागतील असे. भाचेसून पुण्यात वाढलेली, बोलायला मोकळी आणि खायला आवडणारी. तिने दुसरा वडा हातात घेत विचारले, "मामीआजी, किती छान झालेत हो वडे! कोणत्या डाळीचे आहेत?" मामी झाऱ्यातले तेल निथळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "चन्याच्या डाळीचे हो." पंगतीत बसलेल्या आम्हा सात-आठ जणांना ठाऊक होते की ते लाखोळीचे वडे आहेत. कोणीही काही बोलले नाही. मामाने ताटातला भात सारखा केला, मी पाण्याचा पेला उचलला, आणि भाचेसुनेने आणखी एक वडा मागून घेतला.

ते एक वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

मामीला मी खोटे बोलताना क्वचितच ऐकले आहे. शिवाय हे खोटे सांगून तिला काही मिळवायचे नव्हते. नव्या सुनेसमोर आपल्या घराचे नाव खाली जाऊ नये, एवढेच त्या उत्तरामागे होते. लाखोळी, आमच्या भागात कोणी लाखोरीही म्हणतात, ही डाळ आमच्या घरांत वर्षभर शिजते, आणि पाहुण्यासमोर मात्र तिचे नाव बदलते. मीही ते केलेले आहे. नागपूरच्या वसतिगृहात माझ्या डब्यातल्या पिवळ्या-केशरी वरणाकडे पाहून एका मैत्रिणीने विचारले होते, "ही तूर अशी वेगळी का दिसते?" आणि मी म्हणाले होते, "आमच्याकडची तूर अशीच असते." पुढे तीस वर्षे मी कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले. दर वर्षी मेंडेलचा वाटाणा फळ्यावर काढला, उंच आणि बुटका, गोल आणि सुरकुतलेला. त्याच वाटाण्याची अगदी जवळची बहीण, तितक्याच सात गुणसूत्र-जोड्यांची, त्याच कुळातली, माझ्या डब्यात असायची. एकाही वर्षी मी तिचे उदाहरण वर्गात दिले नाही.

लाखोळीचे पीक ज्यांनी पाहिले नसेल त्यांना ते कसे येते हे सांगितले पाहिजे, कारण त्याच्या येण्यातच त्याचे सगळे दैव आहे. पूर्व विदर्भातल्या बांध्यांत दिवाळीच्या सुमारास धान पिवळे पडू लागते, कापणीला पंधरा-वीस दिवस उरलेले असतात आणि जमिनीत अजून ओल असते. त्या वेळी उभ्या धानात, पायाखालच्या चिखलात, लाखोळीचे बी मुठीने फेकतात. याला उतेरा म्हणतात. नांगरणी नाही, खत नाही, पाण्याची पाळी नाही. धान कापताना विळ्याच्या खाली लाखोळीची बोटभर रोपे आधीच उभी असतात, आणि कापणी झाली की धसकटांच्या मधून ती वर येतात, तणाव्यांनी धसकटांनाच धरून. पौषात त्यांना निळी फुले येतात. लहानपणी सकाळच्या धुक्यात धुऱ्यावरून चालताना दोन्ही बाजूंच्या बांध्या निळसर दिसायच्या आणि परकराचा काठ दवाने गुडघ्यापर्यंत भिजायचा. कोवळे शेंडे खुडून भाजी व्हायची, ओल्या शेंगा भाजून खायच्या, दाणा पायलीने मोजून गाडग्यात जायचा आणि कुटार बैलांपुढे. दाणा दिसायला ओबडधोबड, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा एका बाजूने चेपलेला, करडा, ठिपक्यांचा. सालीखाली मात्र तो अशा रंगाचा असतो की डाळ भरडून सुपात घेतली की दुरून तुरीचाच भास व्हावा. चुलीवर शिजताना तिचा वास तुरीपेक्षा थोडा गोडसर आणि मातकट येतो. माझ्यासाठी आजोळ म्हणजे तो वास.

आणि त्याच गावात, देवळाच्या पारावर, दोन काठ्या घेऊन बसणारा एक म्हातारा होता. तो चालायचा तेव्हा त्याचे गुडघे एकमेकांना घासायचे, पाय कात्रीसारखे एकमेकांपुढे पडायचे आणि टाचा कधीच जमिनीला टेकायच्या नाहीत. हात धडधाकट होते, बोलणे खणखणीत होते, गावातल्या प्रत्येक जमिनीचा इतिहास त्याला पाठ होता. आजी सांगायची की तरुणपणी, दुष्काळाच्या एका साली, मालगुजाराकडे त्याला मजुरी म्हणून लाखोळीच मिळाली आणि कित्येक महिने त्याने दुसरे काही खाल्ले नाही. एका सकाळी तो उठला तेव्हा पाय लाकडासारखे झाले होते. कोणत्याही डॉक्टराने त्याला कधी तपासले नाही, त्यामुळे त्याला नेमके काय झाले होते हे गावाच्या सांगण्यावरच मला माहीत आहे. पण पुढे पुस्तकांतून या आजाराचे वर्णन वाचले तेव्हा प्रत्येक ओळीत मला तोच पार दिसत होता. सुश्रुतसंहितेत कलायखंज नावाच्या रोगात चालताना थरथरणारा, लंगडत जाणारा मनुष्य येतो. 1873 साली नेपल्सच्या कांतानी नावाच्या वैद्यांनी त्याला लॅथिरिझम हे नाव दिले. पुढच्या डॉक्टरांनी रुग्णांच्या पायऱ्या लावल्या त्या अशा: काठीविना चालणारा, एका काठीचा, दोन काठ्यांचा, आणि शेवटी रांगणारा. या आजारात माणूस मरत नाही, त्याची बुद्धी शाबूत राहते, आणि गेलेले पाय परत येत नाहीत. तरुण पुरुष त्यात अधिक सापडतात.

मध्य प्रदेशातल्या सागरच्या मुलखाबद्दल कर्नल स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवलेली हकीकत मी अनेकदा वाचली आहे. 1829 साली गव्हाचे पीक गारपिटीने गेले, 1830 साली पावसाअभावी आणि 1831 साली रोगाने. तिन्ही वर्षे शेतात उभा राहिला तो फक्त तिवडा, म्हणजे आपली लाखोळीच. लोकांनी तीच खाऊन दिवस काढले, आणि 1833 च्या सुमारास तिशीच्या आतल्या मुलामाणसांचे कमरेखालचे बळ जाऊ लागले. ज्या पिकाने गावे उपाशी मरू दिली नाहीत, त्याच पिकाने त्यांची मुले जमिनीवर बसवली. हे वाचून या पिकाचा राग करावा की त्याचे आभार मानावेत, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन-तीन महिने ताटात मुख्यतः तेवढेच असेल तर हा आजार होतो. गव्हा-तांदळाबरोबर, भाजी-ताकाबरोबर, अधूनमधून खाणाऱ्याला सहसा होत नाही. म्हणजे लंगडेपणाला दाणा जितका कारण आहे तितकेच ताटातले बाकीचे रिकामेपण कारण आहे. आमच्या घरात कोणाचे पाय गेले नाहीत, कारण आमच्या ताटात तांदूळ होता, ताक होते आणि हंगामाची भाजी होती. पारावरच्या म्हाताऱ्याच्या ताटात त्या साली ते नव्हते.

1961 साली सरकारने लाखोळीच्या विक्रीवर बंदी आणली. बंदीमागची काळजी खरी होती. पण पीक काही थांबले नाही, कारण धानानंतरच्या त्या ओलीवर फुकटात येणारे दुसरे काय पेरणार? पिकत राहिलेली डाळ नाव बदलून बाजारात जाऊ लागली, तुरीत आणि बेसनात मिसळून. नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी यांनी या डाळीच्या बाजूने अनेक वर्षे चिकाटीने लढा दिला, आणि पुढे आपल्या राज्याने बंदी उठवली. जानेवारी 2016 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडून रतन, प्रतीक आणि महातिवडा या तीन कमी विषाच्या वाणांना अनुकूल मत मिळाल्याच्या बातम्या आल्या. मी ते कात्रण मामीला वाचून दाखवले होते. तिने ऐकून घेतले, "बरं झालं बाई," म्हणाली, आणि त्यानंतरही पाहुण्यांसमोर वडे चण्याचेच राहिले.

विष म्हणतात ते नेमके काय, हे शोधण्यात आपल्या माणसांचा मोठा वाटा आहे. 1964 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सरमा यांनी लाखोळीच्या दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळे केले. त्याला थोडक्यात ओडॅप म्हणतात. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या पेशी ज्या खुणेने एकमेकींना चेतवतात, त्या खुणेसारखेच हे दिसते, आणि पेशींना इतके चेतवत राहते की त्या अखेर जळून जातात. ते पाण्यात विरघळते. म्हणूनच मामी लाखोळीची डाळ रात्रभर भिजवते, सकाळी ते पाणी परसात ओतते, एक उकळी आणून तेही पाणी टाकते आणि मग शिजवायला घेते. तिच्या सासूने तिला तसे शिकवले, सासूला तिच्या सासूने. ओडॅप हा शब्द त्यांच्यापैकी कोणाच्याही कानावर कधी आलेला नाही.

मग दाण्यातूनच ते कमी करावे, असे वाटणे स्वाभाविक होते, आणि इथे नकाशाची गोष्ट सुरू होते. वर्गात जनुकांचा नकाशा शिकवताना मी मुलांना जत्रेचे उदाहरण द्यायचे. जत्रेच्या गर्दीत बोट धरून चालणारी माणसे सहसा एकत्रच बाहेर पडतात, आणि चार हात अंतराने चालणाऱ्यांची ताटातूट होते. किती जणांची ताटातूट झाली हे मोजले की आत गर्दीत कोण कोणाच्या किती जवळ चालत होते हे न पाहताही सांगता येते. जनुकांचेही तसेच आहे, आणि याच हिशेबावर 1913 साली स्टर्टेव्हंट नावाच्या कोवळ्या विद्यार्थ्याने फळमाशीचा पहिला नकाशा काढला. लाखोळीत हे करायचे म्हणजे जास्त विषाचे एक झाड आणि कमी विषाचे एक झाड यांचा संकर करायचा, त्यांची नातवंडे शेकड्यांनी वाढवायची, प्रत्येकाच्या पानातल्या आनुवंशिक खुणा नोंदवायच्या आणि प्रत्येकाच्या दाण्यातले ओडॅप मोजायचे. जी खूण कमी विषाबरोबर पुन्हा पुन्हा बाहेर पडते, तिच्या शेजारीच आपल्याला हवे ते जनुक राहते. खूण सापडली की कोवळ्या रोपाचे एक पान तपासून सांगता येते की याचा दाणा कसा असेल, दाणा भरायची वाट पाहावी लागत नाही.

सांगायला सोपे, पण लाखोळीच्या बाबतीत हे फार वर्षे घडलेच नाही. 1999 साली कॅनडात तिचा एक सुरुवातीचा नकाशा निघाला, त्यात खुणा पाऊणशेच्या आसपास आणि त्यांचे गट चौदा. गुणसूत्रांच्या जोड्या सात असताना गट चौदा पडतात याचा अर्थ मधले रस्ते अजून सापडलेले नाहीत, गावे नोंदली आहेत पण त्यांना जोडणाऱ्या वाटा कोऱ्या आहेत. शिवाय हा मुलूखच अफाट आहे. धानाच्या जनुकसंचात, म्हणजे पेशीतल्या संपूर्ण आनुवंशिक मजकुरात, सुमारे 40 कोटी अक्षरे आहेत, माणसाच्या सुमारे 300 कोटी, आणि लाखोळीच्या 600 कोटींहून अधिक. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ खिडकीशी बसून राहिले. ज्या बांधीत धान राजासारखे उभे असते आणि लाखोळी त्याच्या पायाशी मुठीने फेकली जाते, त्या बांधीत पंधरापट मोठा ग्रंथ त्या फेकलेल्या दाण्यात असतो. त्यातला बराचसा मजकूर त्याच त्याच ओळींची पुनरावृत्ती आहे, आणि म्हणूनच वाचायला तो इतका अवघड. धानाचा ग्रंथ वाचायला देशोदेशीच्या सरकारांनी पैसा ओतला. गरिबाच्या डाळीसाठी घाई कोणाला असणार?

तरी 2023 साली दोन गोष्टी झाल्या. मोहालीच्या संशोधकांनी पुसा-24 या भारतीय वाणाच्या जनुकसंचाची जुळणी प्रसिद्ध केली. आणि इंग्लंडमध्ये नॉर्विचच्या जॉन इन्स केंद्रातल्या व त्यांच्याबरोबरच्या नैरोबीच्या संशोधकांनी, जनुकसंच हाताशी घेऊन, ओडॅप तयार होण्याच्या शेवटच्या पायऱ्या उलगडल्या. दोन विकरे, म्हणजे झाडातल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, एकमेकांना बिलगून काम करतात, एक कच्चा माल तयार करते आणि दुसरे तो जागच्या जागी जोडते. 1964 साली बंगळुरात जे बाटलीत वेगळे झाले होते, ते झाडात कोण बनवते याचे उत्तर यायला 59 वर्षे लागली.

या कामाकडे मी किती आशेने पाहते हे लपवण्याचे कारण नाही. कारण नुसत्या निवडीने जे साधले ते शेतात टिकवणे कठीण आहे. रतन हा वाण प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनातून निघाला, महातिवडा रायपूरच्या कृषी विद्यापीठातला, आणि दोन्हींत ओडॅप 0.1 टक्क्याच्या खाली ठेवण्यात यश आले. पण लाखोळीच्या निळ्या फुलांवर मधमाश्या येतात. शेजारच्या बांधीत जुने बी असेल तर चार-सहा हंगामांत चांगल्या बियाण्यात जुने विष मिसळते, आणि डोळ्यांना फरक काहीच दिसत नाही, तोच दाणा, तेच ठिपके. शिवाय ओडॅपचे प्रमाण जमिनीवर आणि पाण्यावरही बदलते. मातीत जस्त कमी पडले की ते वाढते, आणि रोपाला पाण्याचा ताण बसला की वाढते. ही गोष्ट कळल्यापासून स्लीमन यांची ती तीन वर्षे मला वेगळीच दिसू लागली आहेत. पाऊस जातो, बाकी सगळे करपते, लाखोळी तेवढी उरते, आणि नेमक्या त्याच वर्षी, जेव्हा माणसाला तिच्याखेरीज दुसरे खायला नसते, तिच्यातले विष चढलेले असते. पावसाच्या लहरीनुसार खालीवर होणारे विष निवडीने किती कमी करणार? ते बनवणारे जनुकच निकामी झालेले झाड हवे, आणि त्या जनुकाचा पत्ता नकाशाशिवाय मिळत नाही. झाडातून हे रसायन गेले तर त्याचा चिवटपणाही जाईल का, ही शंका मलाही येते. पण ती शंका शेतात पेरून पाहिल्यानेच फिटेल.

आणि तरीही, नॉर्विचच्या त्या नकाशात मामीचे गाडगे नाही. तिचे बी कुठल्याही वाणाचे नाही, सासूच्या गाडग्यातून तिच्या गाडग्यात आलेले, राख लावून ठेवलेले, एखाद्या वर्षी शेजारणीकडून पायलीभर उसने घेतलेले. त्यात काय आहे हे कोणी मोजलेले नाही. कदाचित त्यात एखादे असे रोप असेल ज्याच्यात ओडॅप जन्मतःच कमी आहे, आणि कदाचित ते एखाद्या पैदासकाराला आयुष्यभर हवे असलेले असेल. कदाचित ते सगळेच जुन्या, जड विषाचे असेल. मी तीस वर्षे जनुके शिकवली आणि माझ्या आजोळच्या गाडग्यातले मूठभर दाणे कधी कोणत्या कृषी विद्यापीठाच्या टेबलावर नेऊन ठेवले नाहीत. लाखोळीचे नाव घ्यायची लाज मामीला वाटते, असे मी वर लिहिले. दाणे न नेण्यामागे माझ्याही मनात तीच लाज होती.

मागच्या आठवड्यात मी भाचेसुनेला दूरध्वनी केला आणि सगळे सांगितले. ते वडे लाखोळीचे होते, आम्हा सगळ्यांना ठाऊक होते, आणि कोणीही बोललो नाही. ती काही क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, "आत्या, खरं सांगू? मामीआजींनी तेव्हाच सांगितलं असतं तर मी खाल्ले नसते." मी म्हटले, "म्हणूनच तिने सांगितले नाही." ती म्हणाली, "पण मला ते खूप आवडले होते." आणि थोड्या वेळाने तिने विचारले, "मामीआजींच्या डाळीत ते किती आहे, हे कसं कळतं?"

मी तिला भिजवण्याचे सांगितले, पाणी टाकण्याचे सांगितले, रोज खायची नाही हे सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. दाण्याकडे पाहून ते कळत नाही, मी म्हटले, त्यासाठी तो तपासावा लागतो.

"मग तपासू या की," ती म्हणाली.

काल मी मामीला सांगून दोन मुठी दाणे मागवले आहेत. तिने विचारले, "पिशवीवर काय लिवू?"